डोळा फसू दे, पाय नको

पोरी, मॉरिशसची तिकिटं काढलीस हे तुझ्या आईकडून कळलं. मुलांनी म्हणे आत्तापासूनच यादी करून ठेवली आहे: समुद्रात कोसळणारा धबधबा, उलट्या खोलीतला फोटो, आरशांचा चक्रव्यूह आणि सात रंगांची माती. यादी चांगली आहे. त्यातल्या तीन गोष्टी डोळ्यांना फसवणाऱ्या आहेत आणि एक अगदी खरी. चारही बेटाच्या एकाच कोपऱ्यात, नैर्ऋत्येला शमारेल आणि ले मॉर्नच्या भागात असल्यामुळे धावपळ फार नाही.

पण डोळा कुठूनही आणि केव्हाही फसत नाही. उभं राहायची जागा ठरलेली असते, उन्हाची वेळ ठरलेली असते. ती सापडली तर मुलं वर्षभर सांगत सुटतील. ती चुकली तर पैसे जातात आणि बघायला फक्त निळं पाणी उरतं. दुसरं म्हणजे, डोळा फसलेला असतो तेव्हा पायाकडे कोणाचं लक्ष नसतं. या दोन गोष्टींसाठी हे कानमंत्र. सामान भरायच्या आधी एकदा वाच, आणि सासूबाईंनाही वाचून दाखव.

निघण्याआधी

१. हेलिकॉप्टरचा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेव — ढग उतरले किंवा वारा चढला की उड्डाण रद्द होतं, आणि पुढे दोन दिवस मोकळे असले तर ते ढकलता येतं. शेवटच्या दिवसावर टाकलेली हौस बॅगेतच परत येते.

२. जानेवारी ते मार्चमध्ये जाणार असाल तर चक्रीवादळाचा इशारा रोज सकाळी बघ — तिथे इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत, आणि तिसरी लागली की हॉटेलाबाहेर पाऊल टाकायचं नसतं.

३. जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर मुलांसाठी एकेक पातळ स्वेटर असू दे — तिकडे तेव्हा हिवाळा असतो, आणि शमारेल डोंगरात आहे. किनाऱ्यावर घाम काढणारं ऊन वर पोचेपर्यंत टिकेलच असं नाही.

४. आपल्या पासपोर्टला आगाऊ व्हिसा लागत नाही, तरी परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून घे — विमानतळावर ते विचारतात, आणि फोनची बॅटरी नेमकी रांगेत उभं असताना संपते.

५. अडॅप्टर इथूनच ने — तिथे इंग्रजी पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे किंवा दोन गोल पिनांचे सॉकेट असतात, आपला जाड गोल तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही. फोटोंसाठी एवढं लांब जायचं आणि फोन मेलेला, असं नको.

६. जावईबापूंना सांग, सूर्य बघून गाडी वळवायची नाही. मुंबई विषुववृत्ताच्या वर १९ अंशांवर आहे आणि मॉरिशस खाली २० अंशांवर — त्यामुळे तिथल्या हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेऐवजी उत्तरेला असतो. रात्री चंद्र वर चढला की मुलांना त्याचे डाग दाखव. आपल्याकडून दिसतात त्याच्या जवळजवळ उलटे दिसतात, आणि हा देखावा फुकट आहे.

समुद्रातला धबधबा

ले मॉर्नच्या टोकाजवळचा समुद्र आकाशातून बघितला तर पाणी एका कड्यावरून खोल दरीत कोसळतंय असं वाटतं. कडा दिसतो, पांढऱ्या धारा दिसतात, खाली काळोखी खोली दिसते. प्रत्यक्षात पाणी कुठेच कोसळत नसतं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आत उथळ पाणी आणि पांढरी वाळू. भिंतीबाहेर तळ आधी उतरत जातो आणि मग हजारो मीटर खोल सुटतो. समुद्राचे प्रवाह किनाऱ्याची वाळू आणि गाळ ओढत नेऊन त्या उतारावर सोडतात, आणि त्यांचे लांब पट्टे खालच्या दिशेने पसरतात. उथळ भाग फिकट हिरवा, खोल भाग गडद निळा. फिकट ते वर, गडद ते खाली, आणि मधल्या रेघा म्हणजे धारा, असा हिशोब मेंदू आपल्याला न विचारताच मांडतो. वाळू खरोखरच उतारावरून खाली जाते, पण धबधब्याचा वेग आणि कडा हे आपल्या डोक्यातलं. मुलांना हे आधी सांगून टाकलंस तरी चालेल. कारण माहीत असूनही तो धबधबा दिसायचा थांबत नाही, आणि मला वाटतं खरी मौज तिथेच आहे.

७. कोणी बोटीतून हा धबधबा दाखवतो म्हणाला तर हसून नाही म्हण — पाण्याच्या पातळीवरून ते चित्र जुळतच नाही. बोटीची सफर डॉल्फिनसाठी कर, बेनितिए बेटासाठी कर.

८. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचार: ही फेरी ले मॉर्नच्या टोकापर्यंत जाते का, आणि तिथे वळसा दोन्ही बाजूंनी घेणार का — प्रत्येक फेरी तिथवर जात नाही, आणि एकाच बाजूने वळलं तर पलीकडच्या खिडकीतल्या माणसाला नुसतं आभाळ दिसतं. विचारलेला प्रश्न फुकट, न विचारलेला महाग.

९. वजन विचारलं तर खरं सांग, आणि सासूबाईंनाही खरंच सांगू दे — बसायच्या जागा वजनाच्या तोलावर ठरतात. खिडकीसाठी मुलांनी भांडायचं नाही हे हॉटेलातच ठरवून घे.

१०. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधली वेळ माग — सूर्य डोक्यावर असला की उजेड पाण्यात खोल जातो आणि तळाचे रंग सुटे होतात. सूर्य तिरपा असला की पाणी चकाकतं आणि सगळं झाकून टाकतं.

११. त्या दिवशी सगळ्यांनी गडद कपडे घाला — फिकट कपड्याचं प्रतिबिंब खिडकीत पडतं आणि नेमकं धबधब्यावर तुझी बाही येते. तो नवा पांढरा कुर्ता किनाऱ्यासाठी राहू दे.

१२. पोलराइज्ड गॉगल उघड्या समुद्रावर फार कामाचा आहे — पाण्याची चकाकी कापतो आणि तळ दाखवतो. पण हेलिकॉप्टरच्या खिडक्या बहुधा प्लास्टिकच्या असतात, आणि तोच गॉगल लावून त्यातून बघितलं की इंद्रधनुष्यी डाग दिसायला लागतात. शिवाय फोन आडवा किंवा उभा धरला की त्याचा पडदा काळा पडतो आणि माणूस फोन बिघडला म्हणून घाबरतो. म्हणून आत बसल्यावर गॉगल काढून बघ, लावून बघ, आणि जे स्वच्छ दिसेल ते ठेव.

१३. ओढणी, टोपी, मोकळे केस हे सगळं गाडीतच बांधून टाक, आणि हेलिकॉप्टरकडे बोलावल्याशिवाय जाऊ नका — पायलटला आपण दिसू अशा बाजूनेच जायचं, शेपटीकडून कधीही नाही. मुलाचा हात मनगटाला धर, बोटांना नाही.

१४. निघण्याआधी थोडंसं खा, टेबल भरून नाश्ता नको — वळसा घेताना भरलेलं पोट आधी बोलतं.

१५. पहिल्या वळशाला फोन मांडीवर. दुसऱ्या वळशाला फोटो, आणि तोही डोंगराचा पायथा चौकटीत घेऊन — शेजारी डोंगर दिसला तरच कड्याची उंची डोळ्याला पटते, नुसत्या पाण्याचा फोटो निळ्या-हिरव्या डागाचा येतो.

१६. हा सगळा खर्च जास्त वाटत असेल तर मन खट्टू करून घेऊ नको. माझं मत विचारशील तर, लहान मुलांना उलट्या खोलीचं आणि आरशांचं शमारेलचं भ्रमघर अधिक रंगेल — तिथे हात लावता येतो, पुन्हा पुन्हा करता येतं, आणि आजीही सोबत असते.

शमारेलचा रस्ता आणि ते घर

१७. पश्चिम किनाऱ्यावरून काझ नोयालमार्गे चढलात तर रस्ता उभा आणि वळणावळणांचा आहे. मुलांना फोन देऊ नको, समोर बघायला लाव आणि हातात आलेपाकाची वडी दे — डोळा स्थिर पडद्यावर आणि कानातला तोल वळणावर, या दोघांचं भांडण पोटात मिटतं.

१८. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. साधारण जून ते डिसेंबर उसाची तोडणी चालते आणि भरलेले ट्रक रस्त्यावर असतात — वळणावर त्यांना ओलांडायची घाई केलीत तर वाचणार पाच मिनिटं. शमारेल कुठे पळून जात नाही.

१९. डोंगर सकाळी, किनारा दुपारी — दिवस चढला की डोंगरावर ढग जमतात. जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, म्हणून अंधारात घाट उतरायची पाळी येऊ देऊ नका.

त्या घराचं नाव क्युरियस कॉर्नर ऑफ शमारेल. सात रंगांच्या मातीच्या प्रवेशदारासमोरच आहे, त्यामुळे शोधावं लागत नाही. आत आरशांचा चक्रव्यूह, उलटी खोली, लेझरच्या किरणांची खोली असे प्रकार आहेत. अशी भ्रमघरं आता जगभर आहेत, फुकेतला आहेत, पेनांगला आहेत, म्हणून खालच्या गोष्टी पुढच्या सहलींनाही उपयोगी पडतील.

२०. पाय झाकणारे, सपाट तळाचे बूट सगळ्यांनी घाला — जमीन सपाट दिसते आणि नसते, तिरपी दिसते आणि सपाट असते. दोन्ही वेळा सैल चप्पल आधी सुटते.

२१. सासूबाईंचा चष्मा दुहेरी नंबरचा असेल तर आत त्यांना हात द्यायचाच — खाली बघताना नजर वाचायच्या नंबरातून जाते, पावलाजवळची जमीन धूसर होते, आणि त्यात जमीनच फसवी. लांबचा वेगळा चष्मा असेल तर तो लावून चालणं सगळ्यांत चांगलं.

२२. आरशांच्या चक्रव्यूहात एक हात पुढे, छातीच्या उंचीवर, बोटं सैल. धावायचं नाही, पैज लावायची नाही — मोकळी वाट आणि आरसा यांत डोळ्याला फरक कळत नाही, हाताला कळतो. ज्याने हात पुढे केला नाही, त्याचं कपाळ पुढे झालं.

२३. वाट हरवली की समोर बघू नका, खाली बघा. जिथे तुझे स्वतःचे बूट तुझ्याकडे चालत येताना दिसतील तिथे आरसा आहे; जिथे बूट दिसत नाहीत तिथे हात लावून बघ, बहुतेक वाट असते. आरसा आणि जमीन जिथे मिळतात तिथे एक बारीक सांधा असतो, तोही डोळ्याला सापडतो.

२४. लेकरू आत हरवलं तर त्याला "इकडे ये" म्हणून बोलावू नको. ते तुझ्या प्रतिबिंबाकडे धावतं — आणि प्रतिबिंब काचेत असतं. "आहेस तिथे उभा राहा आणि गाणं म्हण" असं सांग, आणि आवाजाच्या मागे तूच जा. आवाजही थोडा फिरून येतो, पण तो डोळ्याइतका लबाड नाही.

२५. एक खोली अशी असते की एका कोपऱ्यातला माणूस राक्षस दिसतो आणि दुसऱ्यातला बुटका. तिला एम्स खोली म्हणतात. ॲडेलबर्ट एम्स नावाच्या अमेरिकन माणसाने ती पहिल्यांदा बांधली. खोली चौकोनी दिसते, पण एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खूप लांब असतो, आणि जमीन आणि छत त्या मानाने तिरके बांधलेले असतात. बघायचं एका बारीक भोकातून, एका डोळ्याने — दोन डोळे मिळून अंतर मोजतात आणि गुपित फुटतं. सासूबाईंना इथे जरूर उभं कर. चालणं नाही, वाकणं नाही, आणि दोन पावलांत त्या मुलापेक्षा दुप्पट उंच होतात. त्यांचा चेहरा बघ तेव्हा.

२६. याच कारणामुळे डोळ्याला जे जमत नाही ते फोनला जमतं. फोटो काढताना फोनचं भिंग म्हणजे एकच डोळा असतो. म्हणून जमिनीवर जिथे फोटोची खूण केलेली असेल तिथेच उभी राहा, आणि फोन सांगितलेल्या उंचीवर धर — दोन पावलं इकडे तिकडे झालीस की भिंतीवरच्या रेषा तुटतात आणि फोटोत नुसते विचित्र उभे असलेले नातेवाईक येतात.

२७. उलट्या खोलीत टेबल-खुर्च्या छताला असतात. माणूस जमिनीवर उभा राहून वर हात करतो, आणि फोटो नंतर उलटा फिरवला की तो छताला लटकलेला दिसतो. इथे सगळी पोल लोंबणाऱ्या वस्तू खोलतात. पदर, वेणी, मंगळसूत्र, गळ्यातलं ओळखपत्र हे सगळं खऱ्या जमिनीकडे ओढ घेतं, आणि उलट्या फोटोत ते आभाळाकडे उभं राहिलेलं दिसतं. म्हणून त्या दिवशी साडी नको, वेणीचा अंबाडा घाल, साखळी कुर्त्याच्या आत. किंवा मुद्दाम उलटं कर: केस मोकळे सोड, फोटोत ते तुरा होऊन उभे राहतील आणि मुलं लोळतील हसून.

२८. तिरप्या खोलीत, जिथे पाणी चढावर वाहताना दिसतं, तिथे मुलांना शिकवायची एक सुंदर गोष्ट आहे. खिशात सुतळीचा हातभर तुकडा ठेव आणि त्याला किल्ली बांध. गवंड्याचा ओळंबा तयार. तो लोंबकळू द्या आणि शांत झाला की बघा — भिंती सरळ वाटतात पण ओळंबा तिरपा दिसतो, आणि खरा ओळंबाच असतो. डोळ्याने भिंतीवर विश्वास ठेवला म्हणून पाणी चढताना दिसलं. हा एक प्रयोग दहा फोटोंच्या बरोबरीचा आहे. जरूर कर.

२९. फिरत्या बोगद्यासारखा काही प्रकार असेल आणि गरगरायला लागलं तर कठडा धर, डोळे मीट आणि तसंच बाहेर ये — पूल स्थिर असतो, फिरतात त्या भिंती. डोळे मिटले की पूल पुन्हा स्थिर होतो.

३०. अर्धशिशी, चक्कर, फिट्स यांचा कोणाला त्रास असेल तर लुकलुकणारे दिवे आणि लेझरच्या खोल्या आधी विचारून टाळा. दारातल्या माणसाला सांगायला लाजू नका — तो रोज सांगतो कोणत्या खोलीत काय आहे, आणि तुमच्याआधी अनेकांनी विचारलेलं असतं.

३१. तीन खोल्या झाल्या की बसा, पाणी प्या — मळमळ हळू चढते आणि एकदम कळते.

३२. तुमच्यामागे रांग असेल तर प्रत्येकाचा एक फोटो आणि पुढे. आणि मुलांना सांग, युक्ती समजली तरी मागच्या मुलांना ओरडून सांगायची नाही — त्यांनीही तिकीट काढलं आहे.

सात रंगांची माती

यादीतली खरी गोष्ट हीच. इथे डोळा फसत नाही. ज्वालामुखीचा खडक उष्ण दमट हवेत कुजत कुजत चिकणमाती झाला, त्यातलं बरंच काही पावसाने धुऊन नेलं, आणि मागे राहिले लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. लाल-तपकिरी छटा लोखंडाच्या, निळसर-जांभळ्या ॲल्युमिनियमच्या. भ्रमघरातून बाहेर पडलेल्या मुलांना हेही खोटंच वाटतं, म्हणून त्यांना हे तिथेच कठड्याशी उभं करून सांग.

३३. ऊन असतानाच बघा — ढगाखाली सगळे रंग एकाच तपकिरीत मिसळल्यासारखे दिसतात. ढग आला असेल तर पंधरा मिनिटं थांबा, तो सरकतो.

३४. कठड्याच्या आतच राहा, चिमूटभरही माती उचलू नका — पाऊल एकदा उमटलं की त्या मऊ उतारावर ते फार काळ राहतं. बाहेर काचेच्या नळीत भरलेली माती विकत मिळते. मुलांना ती हलवून द्या. रंग हळूहळू पुन्हा सुटे व्हायला लागतात.

३५. त्याच आवारात शमारेलचा धबधबा आहे, सुमारे १०० मीटर उंचीचा, आणि हा खरोखर कोसळतो. समुद्रातला बघितल्यावर हा दाखव, किंवा त्याच्याआधी. दोन्ही एका सहलीत बघणं महत्त्वाचं.

ले मॉर्न

इथे जरा आवाज खाली आणायचा. हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर धबधब्याच्या फोटोची पार्श्वभूमी म्हणून सगळीकडे दिसतो, पण तो त्याहून फार मोठा आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पळून आलेले गुलाम याच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहिले. आफ्रिकेतून आणलेले, मादागास्करचे, आणि हिंदुस्थानातलेही. युनेस्कोने २००८ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशात घेतलं ते या माणसांसाठी.

तिथे एक कथा सांगतात. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरून लोकांना फक्त येणारे शिपाई दिसले, आपल्याला पकडायलाच आले असं वाटलं, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. पिढ्यान्पिढ्या सांगितलेली ही गोष्ट आहे. मुलांना ती सांग. दिवसभर डोळ्यांचे खेळ बघितलेल्या मुलांना ती नीट कळेल.

३६. पायथ्याशी गुलामांच्या मार्गाचं स्मारक आहे. तिथे थांबा, शिल्पांवर चढून फोटो काढू नका — तिथल्या लोकांचे पूर्वज आहेत ते. १ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते.

३७. डोंगर चढायचा असेल तर भल्या सकाळी, बंद बूट, माणशी पुरेसं पाणी. शेवटचा टप्पा खडकाला हात लावून चढायचा आहे, म्हणून लहान मुलं आणि आजी अर्ध्या वाटेवरच्या मोकळ्या जागेवरूनच परत फिरतील — तिथून उथळ पाण्याचे रंग पोटभर दिसतात. चढताना हौस लागते, उतरताना गुडघे.

३८. पाऊस झाला असेल तर चढू नका, कोणी कितीही म्हणालं तरी — ओला खडक कोणाचा नातलग नसतो.

३९. वर पोचलेला कोणी "इथून धबधबा दिसतो" म्हणेल. थोडा भाग दिसतो, पण पूर्ण चित्र आकाशातूनच जुळतं, म्हणून तेवढ्यासाठी कड्याच्या टोकाशी जाऊ नका.

माणसं आणि खाणं

४०. भूक लागली की धोल पुरी शोधा. आत डाळ, वर घेवड्याची रस्साभाजी आणि चटणी. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हण हवं तर. शाकाहारी माणसाला तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. हिरव्या मिरचीची चटणी आधी बोटाने चाखून बघा.

४१. दुकानात शिरताना "बोंझूर", निघताना "मेर्सी" — एवढ्यावर चेहरे उघडतात, आणि मग कोणत्या रस्त्याला ढग आहे हेही तेच सांगतात.

४२. ले मॉर्नहून उत्तरेला निघालात तर वाटेत कास्काव्हेल हे गाव लागतं, मराठी वस्तीचं जुनं गाव. मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर गेलेल्या माणसांची ही लेकरं. घरात क्रिओल बोलतात, गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. कोणी भेटलं तर गाव कोणतं, आडनाव कोणतं असली चौकशी लगेच सुरू करू नको — तिथे कित्येकांच्या पणजोबांचं पहिलं नावच आडनाव म्हणून कागदावर चढलं आहे. आधी नमस्कार, मग ते सांगतील तेवढं ऐकायचं.

४३. पोर्ट लुईसला अर्धा दिवस मिळाला तर आप्रवासी घाट बघा — १८३४ पासून पुढे साधारण पाच लाख हिंदुस्थानी मजूर कराराने मॉरिशसला नेले, त्यांतले बहुतेक या घाटावरून गेले. २००६ पासून तोही जागतिक वारसा आहे. मुलं कंटाळतील असं धरून चालू नको; दगडी पायऱ्यांवर उभं केलं की प्रश्न आपोआप येतात.

४४. रोज रात्री सगळ्यांचे फोटो एकत्र बसून बघा, आणि कोणता फोटो कुठे उभं राहून काढला ते मुलांना विचार. एखादा फसला असेल आणि जवळच राहत असाल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. घरी आल्यावर नाही.

निघायच्या आठ दिवस आधी हेलिकॉप्टरवाल्याला ते दोन प्रश्न विचारून घे, आणि सासूबाईंना चष्म्याच्या दुकानात घेऊन जा. दोन्ही झालं की मला फोन कर. किल्लीला बांधायची सुतळी मी पाठवते आहे, ती मुलांच्या बॅगेत टाक.